सासू जर सख्खी आत्या असेल तर?

प्रश्न बेळगाव जिल्ह्यातल्या खानापूर तालुक्यातल्या एका प्राथमिक शिक्षिकेचा आहे. वय ३९, दोन मुलं, थोरली मुलगी १६ वर्षांची. सासूबाईंना ४३व्या वर्षी स्तनाचा कर्करोग झाला होता. ऑपरेशन, केमो सगळं होऊन आज ६१व्या वर्षी त्या ठणठणीत आहेत. पुण्यात नोकरीला असलेल्या भाच्यानं मोबाइलवर जोखीम मोजायचा कॅल्क्युलेटर उघडून दिला. ताईंनी माहिती भरली, तर पुढच्या ५ वर्षांत कर्करोग होण्याची शक्यता ०.४ टक्के आली. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना छाती दुखते, असंही लिहिलंय. त्यांनी विचारलंय की आता निर्धास्त राहू का, की जीनची टेस्ट करून घेऊ? होऊ नये म्हणून गोळी असते म्हणतात, ती चालू करू का? आणि पत्राच्या शेवटी एक ओळ आहे: 'सासू म्हणजे माझी सख्खी आत्याच. धाकटी आत्या पन्नाशीच्या आतच पोटात पाणी होऊन गेली.'

ताई, ही शेवटची ओळ तुम्ही जाता जाता लिहिलीत. मी तिथूनच सुरुवात करते.

गेली २८ वर्षं मी बेळगावात डॉक्टर म्हणून स्तनाच्याच गाठी बघते आहे. सासूला झाला, आता मला होईल का, असं विचारत सुना येतात तेव्हा एरवी मी हसून सांगते, बाई, सासूचं रक्त वेगळं, तुझं वेगळं, सासूचा आजार नवऱ्याच्या खात्यावर, तुझ्या नाही. पण आपल्या भागात हे वाक्य तोंडातून काढायच्या आधी एक प्रश्न विचारावाच लागतो: 'लग्न नात्यात झालंय का?' आत्याच्या घरी भाची देणं आपल्याकडे किती घरांत आहे ते तुम्हाला सांगायला नको. शेजारच्या कन्नड घरांत तर मुलगी सख्ख्या मामालाही देतात, तिथे सासू म्हणजे स्वतःची आजीच. बेंगळुरूच्या किंवा परदेशातल्या छापील फॉर्ममध्ये माहेर आणि सासर असे दोन वेगळे रकाने असतात. आपल्याकडे त्या दोन रकान्यांत पुष्कळदा एकच माणूस बसलेलं असतं.

यात माझीही एक चूक जमेला आहे. प्रॅक्टिसच्या सुरुवातीच्या काळात हुक्केरीकडची एक पेशंट नुसती शंका म्हणून आली होती. मी विचारलं, 'आईला, मावशीला, बहिणीला कुणाला?' ती म्हणाली, 'कुणाला नाही.' मी केसपेपरवर 'घराण्यात नाही' लिहिलं आणि पाठवून दिलं. चार वर्षांनी ती गाठ घेऊन आली, तेव्हा सोबत आलेल्या चुलत बहिणीनं सांगितलं की हिच्या आजीला, म्हणजे वडिलांच्या आईला, आणि दोन आत्यांना हाच आजार होता. तिनं खोटं सांगितलं नव्हतं. मी बापाकडचं विचारलंच नव्हतं. तेव्हापासून केसपेपरच्या मागच्या कोऱ्या बाजूला आधी झाड काढते, आणि पहिला प्रश्न असतो, 'वडिलांना बहिणी किती?'

निम्मी जीन्स बापाकडून येतात, हे आपण शाळेत शिकवतो. पण आजार बाईच्या अंगावरचा म्हटला की तो आईकडूनच येणार असं सगळे धरून चालतात, अगदी डॉक्टरसुद्धा. ज्या दोन जीन्सची सगळीकडे चर्चा होते त्या बीआरसीए-१ आणि बीआरसीए-२ मधला दोष बापाकडूनही तितक्याच सहज उतरतो. बापाला स्वतःला बहुधा काहीच होत नाही, त्यामुळे तो साखळीत दिसत नाही. तुमच्या बाबतीत ही साखळी सासूबाई, त्यांचे सख्खे भाऊ म्हणजे तुमचे वडील, आणि मग तुम्ही, अशी आहे.

आता धाकट्या आत्याचं. 'पोटात पाणी झालं' हे आपल्याकडे मेलेल्या माणसाच्या आजाराचं नाव असतं, तसंच 'पिशवीचा आजार', 'कावीळ होऊन गेली', 'अंगावरून जायचं'. पोटात पाणी लिव्हर खराब झाल्यानं होतं, पोटाच्या टीबीनं होतं, आणि अंडाशयाच्या कर्करोगानंही होतं. त्यांना नक्की काय होतं यावर तुमचं निम्मं उत्तर अवलंबून आहे, कारण स्तनाचा आणि अंडाशयाचा कर्करोग सख्ख्या बहिणींत निघाले तर बीआरसीएचा संशय एकदम बळावतो. जुने कागद शोधा. माझा अनुभव असा की ते फेकलेले नसतात, कुठल्यातरी तिजोरीत लग्नपत्रिका आणि सातबाऱ्याच्या खाली प्लॅस्टिकच्या पिशवीत असतात. त्यात 'ओव्हरी' (म्हणजे अंडाशय) किंवा 'सीए-१२५' (अंडाशयाच्या कर्करोगासाठी बघतात ती रक्ताची तपासणी) असं काही दिसलं तर ते पान माझ्यासाठी तुमच्या सगळ्या सोनोग्राफी रिपोर्टांपेक्षा मोलाचं.

आता त्या ०.४ टक्क्याकडे वळू. भाच्यानं उघडून दिलेला कॅल्क्युलेटर बहुतेक गेल मॉडेलचा असणार. मिचेल गेल या अमेरिकन संशोधकानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी तो १९८९ साली मांडला. वय किती, पाळी कितव्या वर्षी आली, पहिलं मूल कितव्या वर्षी झालं, आई, बहीण किंवा मुलगी यांपैकी किती जणींना आजार झाला, आधी बायोप्सी झाली आहे का, एवढंच तो विचारतो. आत्याला त्यात जागाच नाही. आजार ४३व्या वर्षी झाला की ७३व्या, हेही तो विचारत नाही. अंडाशयाच्या कर्करोगाचा उल्लेख नाही. तुम्ही सगळं खरं भरलंत आणि तुमच्या घरातली सगळ्यात महत्त्वाची माहिती भरायला रकानाच नव्हता. म्हणून आकडा लहान आला.

मूळ गणित बसवलं ते गोऱ्या अमेरिकन बायकांवर. पुढे आशियाई वंशाच्या बायकांसाठी सुधारणा झाली, पण ती चिनी, जपानी, फिलिपिनो अशा गटांवर. आपण बसतो 'इतर'मध्ये. अमेरिकेत जन्मभरात साधारण ८ बायकांत एकीला हा आजार होतो, आपल्याकडे राष्ट्रीय कर्करोग नोंदणीच्या २०२०च्या अहवालाप्रमाणे ७४ वर्षांपर्यंतच्या आयुष्यात २९ बायकांत एकीला. पण आपल्याकडे होतो तेव्हा तो सरासरी दहाएक वर्षं आधी होतो. इतका फरक असताना तिकडचं माप इकडच्या ब्लाऊजला जसंच्या तसं बसणार नाही.

याच कॅल्क्युलेटरमधला १.६७ हा आकडा पुष्कळ जणींना घाबरवतो, म्हणून सांगून ठेवते. ५ वर्षांची जोखीम १.६७ टक्क्यांच्या वर गेली की 'वाढीव' म्हणायची असा तिकडचा दंडक आहे. हा आकडा आला कुठून? साधारण ६० वर्षांच्या अमेरिकन बाईची जी सरासरी जोखीम, ती. म्हणजे नेमक्या या आकड्यावरच्या १०० बायकांपैकी ९८ जणींना त्या ५ वर्षांत काहीच होत नाही. आत्या-मावश्या, त्यांची वयं, अंडाशय हे सगळं धरणारं टायरर-क्युझिक नावाचं दुसरं मॉडेल आहे. तुमच्यासारख्या घरासाठी ते बरं, पण तेही ज्याला वापरायची सवय आहे त्याच्यासमोर बसून भरावं.

जीनच्या टेस्टबद्दल. तुम्ही लिहिलंय 'मी टेस्ट करून घेऊ का'. माझं उत्तर, आज नको. पहिली टेस्ट सासूबाईंची.

कारण असं. समजा तुमचं रक्त तपासलं आणि दोष सापडला नाही. याचे दोन अर्थ होतात: घरात दोष आहे आणि तो तुमच्यात उतरला नाही, किंवा घरातला आजार टेस्टला न दिसणाऱ्या कारणानं झालाय आणि तुमच्या रिपोर्टानं काहीच सिद्ध झालेलं नाही. यांतला कुठला खरा ते तुमच्या एकटीच्या रिपोर्टावरून सांगता येत नाही. पण ज्या बाईला आजार झाला तिच्यात आधी शोधलं आणि नेमका दोष सापडला, की मग बाकीच्यांचं रक्त त्या एका जागी बघायचं, आहे की नाही. उत्तर स्वच्छ येतं आणि खर्चही कमी होतो. सासूबाई हयात आहेत, बऱ्या आहेत, आणि आजार पन्नाशीच्या आत झाला होता, म्हणजे टेस्टला त्या सर्वार्थानं योग्य आहेत. त्यांच्या जुन्या रिपोर्टात 'ट्रिपल निगेटिव्ह' (गाठीच्या दोन हार्मोनच्या आणि हर-२ ची, अशा तिन्ही तपासण्या निगेटिव्ह) असं लिहिलं असेल तर आणखीच. हा प्रकार आपल्याकडे पाश्चात्त्य देशांपेक्षा जास्त दिसतो आणि बीआरसीए-१ शी त्याचं नातं घट्ट आहे.

समजा, निव्वळ समजा, सासूबाईंत दोष निघाला. तुमच्या वडिलांत तो असण्याची शक्यता निम्मी, म्हणून तुमच्यात पाव. नवऱ्यात निम्मी. आणि नणंद असेल तर तिच्यातही निम्मी, म्हणजे तुमच्या दुप्पट. सून काळजीत असते आणि लेकीच्या गावी पत्ताच नसतो, असं मी कितीदा पाहिलंय. आता तुमच्या मुलीचं बघा. तिला तो बापाकडून मिळण्याची शक्यता पाव, तुमच्याकडून मिळण्याची एक अष्टमांश. दोन्ही धरलं तर ३२ पैकी ११, म्हणजे एक तृतीयांशाच्या किंचित वर. नात्याबाहेर लग्न झालं असतं तर हाच आकडा ३२ पैकी ८ राहिला असता. गणित शिकवणाऱ्या बाईला हे पाटीवर मांडून बघायला पाच मिनिटं लागतील.

ही शक्यता जीन मिळण्याची आहे, आजार होण्याची नव्हे. दोष असला तर काय होतं हे मोठ्या अभ्यासांतून कळलंय. ८० वर्षांपर्यंत स्तनाचा कर्करोग बीआरसीए-१ असलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के आणि बीआरसीए-२ असलेल्यांपैकी ६९ टक्के बायकांना, अंडाशयाचा अनुक्रमे ४४ आणि १७ टक्क्यांना. हे २०१७ला प्रसिद्ध झालेले आकडे आहेत, आणि त्यातल्या बहुसंख्य बायका युरोप-अमेरिकेकडच्या. आकडा मोठा आहे, मी लपवत नाही. पण १९९०पर्यंत असा काही जीन असेल यावरच फार थोड्यांचा विश्वास होता. मेरी-क्लेअर किंग या बाई सतरा वर्षं त्याच्या मागे होत्या. स्तनाच्या कर्करोगासारखा आजार एका जीननं येतो हे सहकाऱ्यांनाच पटत नव्हतं. त्यांनी तो १७व्या क्रोमोसोमवर दाखवला, १९९४ला तो नेमका हाती लागला, बीआरसीए-२ त्याच्या पुढच्या वर्षी. त्या काळात ज्या घरांना आमच्याकडे 'त्या घराला लागलंय' म्हणायचे आणि सोयरीक टाळायचे, त्यांच्याविषयी आता काहीतरी करता येतं.

काय करता येतं? दोष असलेल्या बाईनं साधारण पंचविशीपासून दरवर्षी स्तनांची एमआरआय, तिशीपासून सोबत मॅमोग्राफी. मुलं झाल्यावर, बीआरसीए-१ असेल तर ३५ ते ४० आणि बीआरसीए-२ असेल तर ४० ते ४५ या वयात, अंडाशयं आणि नळ्या काढून टाकणं, कारण अंडाशयाचा कर्करोग लवकर सापडेल अशी भरवशाची तपासणी आजही नाही. काही जणी दोन्ही स्तन आधीच काढून घेतात. २०१३ला अँजेलिना जोलीनं ते जाहीरपणे सांगितल्यावर आमच्या ओपीडीतही महिनाभर तोच विषय होता. त्यानं जोखीम ९० टक्क्यांहून अधिक घटते, पण हा निर्णय कुणी कुणावर लादायचा नसतो, आणि घाईनं तर मुळीच घ्यायचा नसतो. आणि इथे एक आपल्याकडचा खास प्रश्न: आपल्या खेड्यांत पस्तिशी-चाळिशीत 'पिशवी काढलेल्या' बायका ढीगभर. पिशवीबरोबर अंडाशयं काढली की ठेवली, हे दहातल्या आठ जणींना ठाऊक नसतं. तुमच्या घरात कुणाची काढली असेल तर तो कागदही शोधा.

रिपोर्टात कधी 'अर्थ अनिश्चित असलेला बदल' असं येतं. आपल्या लोकांच्या जीन्सचा अभ्यास कमी झालाय म्हणून आपल्यात असं जास्त येतं. तो दोष नव्हे. त्यावरून कुणी ऑपरेशन सुचवलं तर उठून या. आणि मुलीची टेस्ट १८ पूर्ण होईपर्यंत नाहीच, त्यानंतर तिची तिनं ठरवावी. १६व्या वर्षी तिच्यासाठी यातलं काहीच बदलत नाही, फक्त घरात कुजबुज वाढते आणि उद्या लग्नाच्या बोलणीत तो कागद कुणाच्या हातात पडेल सांगता येत नाही.

गोळी. आहे, खरी आहे. टॅमॉक्सिफेन. १९९८ला अमेरिकेत १३,३८८ वाढीव जोखमीच्या बायकांवरच्या अभ्यासाचा निकाल आला: रोज २० मिलिग्रॅम, ५ वर्षं, आणि पसरू शकणारा कर्करोग ४९ टक्क्यांनी कमी. ऐकायला अर्ध्यावर आला असं वाटतं, आणि खरंच आला. पण अर्ध्यावर म्हणजे कशाच्या अर्ध्यावर? तुमची जोखीम १०० पैकी एकीची असेल तर ती अर्धी होऊन २०० पैकी एकीची होते. म्हणजे २०० बायकांनी पाच वर्षं गोळी खाल्ली तर एकीचा आजार टळतो. उरलेल्या १९९ जणींच्या वाट्याला अंगातून वाफा निघणं, काही जणींच्या पायात रक्ताच्या गुठळ्या, आणि पन्नाशीनंतर पिशवीच्या आतल्या अस्तराच्या कर्करोगाची थोडी वाढलेली शक्यता. जिची जोखीम मुळात मोठी आहे, विशेषतः जिच्या बायोप्सीत पेशींची बेढब वाढ दिसली आहे, तिला सौदा परवडतो. पाळी गेलेल्यांसाठी अॅनास्ट्रोझोल आहे, त्याच्यावरचा ३,८६४ बायकांचा अभ्यासही तितकाच चांगला. इटलीत ५०० बायकांवर टॅमॉक्सिफेनचा फक्त ५ मिलिग्रॅमचा डोस तीन वर्षं देऊन पाहिला, २०१९ला निकाल आला, त्रास कमी आणि फायदा जवळपास तसाच. त्या बायकांच्या स्तनात आधीच कर्करोगाच्या अलीकडचे बदल सापडलेले होते, हे विसरू नका. तुम्ही आज यांपैकी कशात बसत नाही. सासूबाईंचा रिपोर्ट येईपर्यंत गोळीचं नाव काढू नका, आणि मेडिकलवाल्याकडून आणून तर अजिबात खाऊ नका. गोळी चालू असताना दिवस राहिले तर बाळाला धोका असतो, तुमची पाळी अजून चालू आहे.

मग जगण्यात काय बदलायचं, हे बायका विचारतात, आणि त्यांना बहुधा एखादा काढा हवा असतो. अंगावर पाजण्याचा फायदा खराखुरा आहे: ३० देशांतले ४७ अभ्यास एकत्र करून २००२ला दिसलं की पाजण्याच्या प्रत्येक १२ महिन्यांमागे जोखीम ४.३ टक्क्यांनी उतरते, आणि प्रत्येक बाळंतपणामागे आणखी ७ टक्क्यांनी. तुमचं ते आता होऊन गेलं, पुढच्या पिढीला सांगा. हे ऐकून गावातल्या म्हाताऱ्या मला सुनावतात, 'म्हणूनच आम्ही पोरींची लग्नं सोळाव्या वर्षी करत होतो.' त्यांना मी एवढंच म्हणते, आजी, तेव्हा पिशवीच्या तोंडाच्या कर्करोगानं आणि बाळंतपणात किती गेल्या ते तुम्हीच मोजा. पाळी गेल्यावर वाढलेलं वजन हे मोठं कारण आहे आणि ते हातात आहे. रानात खपणाऱ्या बाईला मी व्यायाम सांगत नाही, पण तुमच्यासारखी शाळेत बसून, स्कूटीवर घरी येणारी बाई वेगळी. दारूचा प्रश्न बहुतेकींना लागू नाही, ज्यांना आहे त्यांच्यासाठी, रोजच्या एका पेगनंही जोखीम वाढते. निपाणीकडच्या बायका मशेरीचं विचारतात. मशेरी सोडाच, पण ती तोंडाच्या कर्करोगासाठी. स्तनाच्या हिशोबात मी तिला वर धरत नाही. पाळी जाताना घ्यायच्या हार्मोनच्या गोळ्यांबद्दल २००२च्या अमेरिकन अभ्यासानं गहजब झाला होता: २६ टक्के वाढ. प्रत्यक्षात दर १०,००० बायकांमागे वर्षाला ३०च्या जागी ३८. दोन्ही आकडे खरेच, पेपरवाले पहिला छापतात.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते. तुमच्या घरात जीन निघो न निघो, या आजाराच्या बहुसंख्य बायकांच्या घराण्यात कुणालाही काही झालेलं नसतं. २०२२च्या अंदाजाप्रमाणे भारतात वर्षाला सुमारे १ लाख ९२ हजार बायकांना हा आजार नव्यानं झाला आणि ९८ हजार दगावल्या. इतक्या दगावतात कारण उशिरा येतात. उशिरा का येतात? गाठ दुखत नाही म्हणून. 'गाठ आहे ओ, पण दुखत नाही', कन्नड पेशंट असली तर 'गंटु ऐतरी, नोविल्लरी', हे वाक्य मी रोज ऐकते, आणि प्रत्येक वेळी ते सुटकेच्या सुरात असतं. पाळीच्या आधी दोन्ही बाजूंना दुखतं, जड वाटतं, त्याला घाबरून बायका धावत येतात, आणि ते बहुतेकदा काहीच नसतं. तुमचं दुखणंही, लिहिलंय त्यावरून, तसलंच वाटतं. न दुखणारी, कडक, एका जागची गाठ मात्र वर्षभर पदराखाली राहते.

हातानं तपासून काही उपयोग होतो का, यावर आपल्या मुंबईतच जगातला एक मोठा प्रयोग झालाय. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १९९८पासून झोपडपट्ट्यांतल्या ३५ ते ६४ वयाच्या १,५१,५३८ बायका घेतल्या. निम्म्यांना, दहावी शिकलेल्या आणि नीट ट्रेनिंग दिलेल्या बायकांनी, दर दोन वर्षांनी हातानं तपासलं. वीस वर्षांचा हिशोब २०२१ला आला. उशिराच्या टप्प्यात सापडणाऱ्यांचं प्रमाण ४७ टक्क्यांवरून ३७ वर आलं, आणि ५० वर्षांच्या पुढच्या बायकांत मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी घटले. पन्नाशीच्या आत मात्र मृत्यूंत फरक दिसला नाही, तेही सांगायला हवं. उलट बाजूला शांघायच्या कापड गिरण्यांतल्या २,६६,०६४ बायकांचा प्रयोग. त्यांना स्वतःच स्वतःला तपासायला शिकवलं होतं, त्यानं मृत्यू कमी झाले नाहीत, साध्या गाठींच्या बायोप्सी तेवढ्या वाढल्या. म्हणून मी महिन्याच्या महिन्याला आरशासमोर उभं राहायचा नेम लावून देत नाही. अंघोळीला हात फिरतोच, आपली छाती नेहमी कशी लागते ते हाताला ठाऊक असू द्या, आणि वेगळं काही लागलं, कातडीला खळी पडली, बोंड आत ओढलं गेलं, एका बाजूनं रक्त आलं, तर आठ दिवसांत दाखवा.

सरकारी कार्यक्रमात ३० वर्षांपुढच्या प्रत्येक बाईची दर पाच वर्षांनी अशी तपासणी गावातल्या उपकेंद्रात व्हायला हवी. आशाताई फॉर्म भरायला येते तेव्हा 'सगळं बरं आहे' म्हणून दारातून परत पाठवू नका. फॉर्म कन्नडमध्ये असतो म्हणून कित्येक मराठी बायका नुसता अंगठा उठवून मोकळ्या होतात. तुम्ही शिक्षिका आहात, गल्लीतल्या चार जणींना तो वाचून दाखवला तर माझ्या ओपीडीपेक्षा मोठं काम होईल.

गाठ निघालीच तर तीन गोष्टी होतात: हातानं तपासणी, सोनोग्राफी किंवा मॅमोग्राफी, आणि जाड सुईनं तुकडा काढून तपासणं. तिसऱ्या गोष्टीला लोक अडून बसतात. 'सुई लावली की पसरतो' हे सीमेच्या दोन्ही बाजूंना, दोन्ही भाषांत, सारख्याच ठामपणे सांगितलं जातं. पसरत नाही. ज्यांच्यात आधीच पसरलेला होता त्यांना सुई लावली आणि पुढे त्या गेल्या, त्यातून हे पक्कं झालं असावं. याहून वाईट म्हणजे सुई न लावता गाठ सरळ कापून काढणं आणि काढलेलं तपासायलाही न पाठवणं. असे पेशंट माझ्याकडे येतात तेव्हा छातीवर व्रण असतो, काखेत गाठ असते आणि हातात एकही कागद नसतो. काय काढलं होतं, कुणालाच माहीत नसतं. कुठेही गाठ काढली तर रिपोर्ट मागून घ्या. दिला नाही तर भांडा.

मॅमोग्राफीचं तुमच्यापुरतं: ३९व्या वर्षी स्तन घट्ट असतात, फिल्मवर सगळं पांढरं दिसतं, गाठ लपते. तरीही तुमच्या घराचा इतिहास बघता चाळिशीपासून दरवर्षी एक, सोबत सोनोग्राफी, असं मी सांगेन. सासूबाईंत दोष निघाला आणि तुमच्यातही निघाला तर एमआरआय. हीच फिल्म तुमच्या वयाच्या, घराण्यात काही नसलेल्या बाईला मी आज सांगत नाही, आणि ऑक्टोबर आला की सवलतीच्या पॅकेजच्या ज्या जाहिराती येतात त्यावर माझा राग आहे, तो इथे आवरते.

खर्चाचं थोडक्यात. बीपीएल रेशन कार्ड असेल तर आयुष्मान भारत-आरोग्य कर्नाटकमध्ये कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंतचे उपचार होतात, एपीएलला पॅकेजच्या ३० टक्के मिळतात. हे उपचारांचं झालं. जीनची टेस्ट बहुधा पदरमोड करूनच करावी लागते. निपाणीच्या बाईला कोल्हापूर बेळगावापेक्षा जवळ, कागवाडच्या बाईला मिरज तर दारातच, पण कार्ड या राज्याचं, दवाखाना त्या राज्याचा, असं झालं की पेशंट निम्म्या उपचारात काउंटरवर अडकतो. म्हणून ऑपरेशन कुठे आणि रेडिएशन कुठे, हे पहिल्याच दिवशी कार्ड समोर ठेवून ठरवावं. खानापूरच्या माणसाला तेवढी अडचण नाही. कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत आपल्या बसला बायकांना तिकीट नाही, खानापूरहून बेळगावला यायचं म्हटलं तर सबब उरत नाही.

पाळी संपल्यानंतरच्या आठवड्यात या, तेव्हा छाती मऊ असते, हाताला नीट कळतं. एकट्या येऊ नका, सासूबाईंना घेऊन या, आणि त्यांच्या ऑपरेशनच्या वेळची जुनी फाइलही. रक्त त्यांचं घ्यायचंय, तेव्हा कशासाठी ते घरीच समजावून आणा. नाहीतर इथे आल्यावर त्यांना वाटेल की सुनेनं आपल्यावर आळ घेतला. आणि धाकट्या आत्यांच्या मुलाला फोन करून तेवढी ती प्लॅस्टिकची पिशवी आहे का, विचारा.